ग्वांगझूच्या आरोग्य केंद्रातले ३३ प्रश्न

माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूच्या जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत त्यांचा जन्म गेला, कापड गिरणीत नोकरी झाली, आणि दोन वर्षांपूर्वी मामंजी गेल्यानंतर त्या आमच्या एकविसाव्या मजल्यावरच्या घरी राहायला आल्या. इकडच्या कँटोनी रीतीप्रमाणे मी त्यांना 'नाय-नाय' म्हणते. उत्तरेकडच्या माणसाला हे ऐकून त्या माझ्या आजेसासू असाव्यात असे वाटते, कारण तिकडे हाच शब्द वडिलांच्या आईसाठी वापरतात. २०२५च्या मार्चमध्ये आमच्या भागातल्या सामुदायिक आरोग्य सेवा केंद्रातून फोन आला की ६५ वर्षांवरील रहिवाशांची वार्षिक मोफत तपासणी सुरू झाली आहे, ओळखपत्र घेऊन उपाशीपोटी यावे. नवरा कामावर असल्यामुळे त्यांच्याबरोबर मी गेले. त्याच सुमारास माझी आई चिपळूणहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती, आणि घरात एकटी बसण्यापेक्षा बरे म्हणून तीही आमच्यासोबत निघाली.

रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, पोटाची सोनोग्राफी हे सगळे खालच्या मजल्यावर सव्वा तासात उरकले. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. आपल्याकडच्या कोणत्याही शिबिरात दिसतात तशाच रांगा होत्या, फक्त प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या हातात गरम पाण्याचा थर्मास होता. त्यानंतर आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पारंपरिक चिनी वैद्यकाच्या टेबलाकडे पाठवण्यात आले. २०१३पासून चीनच्या मूलभूत सार्वजनिक आरोग्य सेवेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी वर्षातून एकदा शरीरप्रकृती ओळखण्याची सोय जोडलेली आहे, आणि तिच्यासाठी एक ठराविक छापील तक्ता असतो. त्यात ३३ प्रश्न असतात. प्रत्येकाचे उत्तर गेल्या एका वर्षाच्या अनुभवावरून द्यायचे आणि 'अजिबात नाही' ते 'नेहमीच' या क्रमाने १ ते ५ गुण मांडायचे, अशी पद्धत आहे.

या प्रकृती नऊ आहेत. बेइजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातले प्राध्यापक वांग छी यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून या विषयाचा पाठपुरावा केला आणि २००९मध्ये चिनी वैद्यक संघटनेने त्या वर्गीकरणाला प्रमाण म्हणून प्रसिद्धी दिली. एक प्रकृती समतोल, म्हणजे सगळे ठीक असणारी. उरलेल्या आठ एकेका बाजूला कललेल्या. छी म्हणजे प्राणशक्ती कमी असलेली, यांग म्हणजे शरीरातली ऊब कमी असलेली, यिन म्हणजे शरीरातला ओलसर गारवा कमी झालेली, कफ आणि ओलावा साठणारी, ओलावा आणि उष्णता एकत्र असणारी, रक्त साकळणारी, छी कोंडणारी, आणि शेवटची ॲलर्जीकडे झुकणारी जन्मजात विशेष प्रकृती. मूळ प्रश्नावली ६० प्रश्नांची आहे. वृद्धांसाठी ती ३३ वर आणली आहे, आणि कललेल्या प्रत्येक प्रकृतीच्या वाट्याला त्यांतले चार प्रश्न येतात. चारांची बेरीज ११ किंवा अधिक झाली तर ती प्रकृती 'आहे', ९ किंवा १० झाली तर 'कल आहे', आणि ८ किंवा त्याहून कमी झाली तर 'नाही'. हा हिशेब मला आधी ठाऊक नव्हता. टेबलापलीकडच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून दाखवला.

तक्ता मीच वाचून दाखवत होते, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही. तक्त्याची भाषा पुस्तकी, सासूबाईंची कँटोनी, आणि माझी कँटोनी बाजारापुरती, त्यामुळे प्रत्येक प्रश्न दोनदा वळवून सांगावा लागत होता. तुमच्यात उत्साह भरपूर असतो का? असतो. लवकर थकता का? नाही. बोलण्याचा आवाज क्षीण आहे का? या प्रश्नाला त्यांनी मुद्दाम इतक्या मोठ्याने 'नाही' म्हटले की शेजारच्या बाकावरचे आजोबा वळून पाहू लागले. सर्दी वर्षातून किती वेळा होते, या प्रश्नाला आकडाच हवा असतो. त्यांनी 'दोनदा' सांगितले आणि त्याचे २ गुण लिहिले गेले. पोटाचा घेर सेंटिमीटरमध्ये विचारलेला असतो, पण शेजारी चिनी 'छृ' या मापातही दिलेला असतो, आणि ते बरेच झाले, कारण सासूबाईंना आपली कंबर २.३ छृ आहे एवढेच ठाऊक होते. म्हणजे साधारण ७७ सेंटिमीटर. ८०च्या आत असल्यामुळे १ गुण.

गेल्या वर्षीचा तक्ता त्यांच्या फाइलमध्ये होता. तो एका दुसऱ्या केंद्रात गर्दीच्या दिवशी भरला गेला होता आणि बहुतेक सगळ्या ओळींत एकाच हाताने १ लिहिलेला होता. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी मला काही विचारलेच नाही, तुमची तब्येत चांगली दिसते एवढेच म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी तो कागद उलटा करून ठेवला आणि त्याविषयी एक शब्दही काढला नाही. त्यांचा हा संयम मला आवडला.

पण खरे सांगायचे तर या वर्षीही आमचा तक्ता त्याच दिशेने चालला होता. म्हाताऱ्या माणसाला तब्येतीचा प्रश्न विचारला की ते तब्येतीचे उत्तर देत नाहीत, आपण अजून कोणावर ओझे झालेलो नाही याचे उत्तर देतात. निदान सासूबाई तरी तसेच करत होत्या. पाचवा प्रश्न मन उदास असते का असा आहे, सहावा चिंतेचा आहे, आणि सातवा असा आहे की आयुष्याची घडी बदलल्यामुळे एकटे, हरवल्यासारखे वाटते का. हा सातवा प्रश्न मी वाचला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे न पाहता पिशवीतला थर्मास काढला, झाकणात पाणी ओतले, प्यायल्या, आणि मग 'नाही' म्हणाल्या. मी १ लिहिला. सूनच कागद धरून समोर बसलेली असताना त्यांनी दुसरे काय सांगावे, हे मला घरी परत येताना सुचले. तो एक प्रश्न तरी डॉक्टरांनी स्वतः विचारायला हवा होता असे आजही वाटते.

शेवटचे दोन प्रश्न जिभेचे असतात आणि त्यांचे उत्तर पाहणाऱ्याने द्यायचे असते. जिभेवर जाड चिकट थर आहे का, आणि जिभेखालच्या शिरा जांभळट किंवा फुगलेल्या आहेत का. सासूबाईंनी जीभ बाहेर काढताच डॉक्टरीणबाईंनी काय खाल्ले ते विचारले. रक्त देऊन झाल्यावर सासूबाईंनी पिशवीतली संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची गोळी चघळली होती आणि तिचा तपकिरी रंग जिभेवर चढला होता. त्यांना चूळ भरायला पाठवले गेले, पाच मिनिटे थांबायला सांगितले, आणि मग खिडकीच्या उजेडात पुन्हा पाहिले. थराला ३ आणि शिरांना २ गुण मिळाले.

बेरजा झाल्या. रक्त साकळण्याच्या रकान्यात ८ आले, तेही मुख्यतः गुडघ्याच्या जुन्या दुखण्यामुळे. यांगच्या रकान्यात ७. बाकी सगळे त्याहून कमी. समतोल प्रकृतीची बेरीज पाच प्रश्नांवरून होते आणि त्यांतल्या चारांचे गुण उलटे मोजतात. ती २२ आली. तिथे १७ पुरतात आणि उरलेल्या आठही रकान्यांत ८ किंवा त्याहून कमी असावे लागतात. म्हणजे सासूबाई नियमाप्रमाणे पूर्ण समतोल ठरल्या. त्या उठायलाही लागल्या.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकोणतिसाव्या प्रश्नावर पेन्सिल टेकवली. गार पदार्थ खाल्ल्यावर किंवा प्यायल्यावर त्रास होतो का, किंवा गार खायला-प्यायला भीती वाटते का, असा तो प्रश्न आहे. सासूबाईंनी पहिला अर्धा भाग ऐकताच 'अजिबात नाही' म्हटले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, शेवटचे गार पाणी कधी प्यायलात? सासूबाईंनी थोडा विचार केला आणि सांगितले की थोरल्या मुलाच्या जन्माच्या आधी. त्यांना गार पदार्थाचा त्रास होत नव्हता, कारण गेल्या ४५ वर्षांत त्यांनी तो तोंडालाच लावला नव्हता. बाहेर जेवायला गेलो की आधी उकळत्या पाण्याची किटली मागवणारी, फ्रीजमधले फळ तासभर ओट्यावर ठेवल्याशिवाय न चिरणारी ही बाई त्या प्रश्नाला १ गुणाची कशी असेल? डॉक्टरीणबाईंनी १ खोडून ५ केले. यांगच्या रकान्यातली बेरीज ७ होती ती ११ झाली, 'नाही' होते त्याचे 'आहे' झाले, आणि तेवढ्या एका खाडाखोडीने समतोल प्रकृतीचा शेराही गेला. सासूबाई यांग-क्षीण ठरल्या.

माझ्या मते या पद्धतीची कमजोरी आणि तिचा उपयोग या दोन्ही गोष्टी त्या एका प्रश्नात दिसल्या. चार प्रश्नांच्या बेरजेवर माणसाची प्रकृती ठरवायची आणि त्यांतल्या एका उत्तराने तिचे नाव बदलायचे, तर त्या नावावर फार भार टाकता येणार नाही. पण त्या नावापर्यंत पोचताना जे बोलणे झाले, ते खालच्या मजल्यावरच्या कोणत्याही यंत्राने केले नव्हते. मोजे घालून झोपता का, पाठीला वारा लागला की काय होते, आणि दिवसातून काय काय पिता, असे एकेक निघत गेले. यातूनच पुढे आले की सासूबाई आठवड्यातून तीनदा कोपऱ्यावरच्या दुकानातून लियांग-छा घेतात. हा ग्वांगतुंग प्रांताचा लाडका कडू काढा आहे, २००६पासून राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आहे, आणि इकडचे लोक अंगात उष्णता वाढली, घसा खवखवला, तोंड आले की तो पितात. आपण सब्जा किंवा धण्याचे पाणी घेतो तसेच हे, फक्त चवीला काडेचिराइताच्या जवळचे. ज्यांची ऊब मुळात कमी त्यांनी तो सवयीने पिऊ नये, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंना यांग-क्षीण असण्याचे काही वाटले नव्हते, पण काढा सोडायचा म्हटल्यावर त्या खरोखर रागावल्या. कँटोनी माणसाला लियांग-छा पिऊ नका सांगणारी ही मुलगी नक्की उत्तरेकडची असणार, असे त्या जिन्यावर मला म्हणाल्या. त्यांचा अंदाज बरोबर होता.

तक्त्याच्या तळाशी सल्ल्याचे रकाने असतात: मन, आहार, दिनचर्या, व्यायाम, दाबबिंदू. डॉक्टरीणबाईंनी सल्ला मोजकाच लिहिला. पाठ आणि पाय ऊबदार ठेवावेत, सकाळी दहाच्या सुमारास पाठीवर ऊन घ्यावे, स्वयंपाकात आले वाढवावे, आणि गुडघ्याखाली चार बोटांवर बाहेरच्या अंगाला जो 'चू-सान-ली' नावाचा बिंदू आहे तो रोज पाच मिनिटे दाबावा. बिंदू शोधायला त्यांनी सासूबाईंचीच चार बोटे त्यांच्या गुडघ्याखाली आडवी ठेवली आणि सांगितले की मोजमाप ज्याच्या त्याच्या बोटांचे असते, सुनेची बोटे इथे चालणार नाहीत. दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीची वाळलेली पाने पेटवून त्यांचा शेक देण्याचा उपायही त्यांनी सुचवला, पण तो केंद्रातच येऊन घ्यावा, घरी करू नये, कारण या वयात पायांना चटका उशिरा कळतो. रक्तदाबाची गोळी जशी चालू आहे तशीच चालू राहील, हे त्यांनी सासूबाईंना दोनदा आणि मला एकदा बजावले. मला वाटते प्रकृतीच्या कोणत्याही तक्त्यावर हे वाक्य छापलेलेच असावे.

आई हे सगळे दीड तास बाकावर बसून पाहत होती. निघताना तिने मला विचारले की तिलाही तो कागद मिळेल का. तिचे नाव तिथल्या नोंदीत नसल्यामुळे तपासणी होणे शक्य नव्हते, पण डॉक्टरीणबाईंनी एक कोरा तक्ता हसत हसत दिला आणि घरी गंमत म्हणून भरा म्हणाल्या.

ते दिवस ग्वांगझूतल्या घामट भिंतींचे होते. वसंतात दक्षिणेकडून दमट वारे वळतात, थंडीत गार पडलेल्या भिंतींवर आणि फरशीवर पाणी सुटते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. आषाढातल्या चिपळूणची आठवण व्हावी असे ते घर असते. जेवणाच्या टेबलावर बसून मी आईसाठी तक्ता मराठीत सांगू लागले आणि मला एक आश्चर्य वाटले. जे प्रश्न सकाळी सासूबाईंना समजावताना मी अडखळत होते, ते मराठीत आपोआप उतरत होते. धाप लागते का, हातपाय गार पडतात का, घशाला कोरड पडते का, तोंड चिकट किंवा कडू होते का, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही का, दचकायला होते का: हे सगळे आई तिच्या वैद्यांशी बोलते तेच बोलणे होते. अडले ते फक्त दोन ठिकाणी. छी कमी असणे मी जसेच्या तसे सांगितले तेव्हा आईला हसू आवरेना, कारण 'छी' हा शब्द मराठीत कशासाठी वापरतात ते सांगायला नको. आणि अंगात ओलावा शिरणे म्हणजे काय, हे मला सांगता येईना. आई भिंतीकडे पाहून म्हणाली, सर्दावणे म्हण की, पापड सर्दावतात तसे. त्या दिवसापासून आमच्या घरात कफ-ओलावा प्रकृतीला 'सर्दावलेली' हेच नाव पडले.

आईला प्रकृती हा विषय नवीन नव्हता. २०२४च्या नोव्हेंबरअखेरीस आयुष मंत्रालयाने देशभर प्रकृती परीक्षणाची मोहीम काढली होती, तेव्हा आयुर्वेद महाविद्यालयातला एक विद्यार्थी घरी येऊन मोबाइलवर तिची उत्तरे घेऊन गेला होता आणि ती वातप्रधान ठरली होती. त्यामुळे या तक्त्यात आपला वात कुठे आहे, ते ती शोधत होती. तसा तो सापडत नाही. कोरडेपणा यिनच्या रकान्यात आहे, गार पडणे यांगच्या, सांध्यांचे दुखणे रक्ताच्या. आणि कफ हा शब्द दोन्हीकडे दिसला तरी इकडच्या कफ-ओलाव्यात वजन, पोटाचा घेर, चिकट तोंड किंवा घोरणे आणि जिभेचा थर एवढेच मोजतात. त्याहून मोठा फरक मला वेगळ्याच ठिकाणी वाटतो. आपल्या ग्रंथांत प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि आयुष्यभर तीच राहते. वय वाढले की वात वाढतो, पण ती प्रकृती नव्हे. इकडे प्रकृतीचा काही भाग जन्मजात आणि काही राहणीतून आलेला मानतात, म्हणूनच ती दरवर्षी पुन्हा तपासतात. आईला हे पटले नाही. दरवर्षी बदलते ती प्रकृती कसली, ती तब्येत, असे ती म्हणाली, आणि मला तिच्या म्हणण्याला उत्तर सापडले नाही.

तिची उत्तरे मात्र सासूबाईंपेक्षा सरळ होती, कदाचित कागद सरकारी नसल्यामुळे असेल. डोळे कोरडे, ३. ओठ आणि कातडी कोरडी, ३. घशाला कोरड, ३. शौचाला खडा, २. यिनची बेरीज ११. गार पदार्थांच्या प्रश्नाला तिने फ्रीजमधल्या ताकाचा पेला वर करून दाखवला. सातव्या प्रश्नाला ती थांबली. त्यांना हे कशाला हवे असते, असे विचारून झाल्यावर म्हणाली, 'कधी कधी' लिही. बाजूला भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी मला विचारले की कोणता प्रश्न चालला आहे. मी सांगितले. त्यांनी आईकडे पाहिले आणि पालेभाजीची जुडी पुढे सरकवून अर्धी तिच्या हातात दिली. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नाही.

कफ-ओलाव्याच्या रकान्यातल्या घोरण्याच्या प्रश्नाला आईने ठाम नकार दिला. मी सासूबाईंना विचारताच त्यांनी आईच्या खोलीकडच्या भिंतीवर बोट रोखले आणि आवाजाची अशी हुबेहूब नक्कल केली की आईला भाषांतराची गरज पडली नाही. ३ लिहिले. उंची आणि वजनावरून देहभार निर्देशांक २७ येत होता. चीनमध्ये २४च्या पुढे वजन जास्त धरतात, त्यामुळे तिथे ४. पोटाचा घेर ८८ सेंटिमीटर, ३. त्या रकान्यातला चौथा प्रश्न जिभेचा होता आणि पाहायला डॉक्टर नव्हते, म्हणून मी तो रिकामा सोडायचे ठरवले. पण सासूबाई तोपर्यंत मोबाइलचा दिवा लावून उठल्या होत्या. त्यांनी आधी आईला चूळ भरून यायला लावले, सकाळी स्वतःला सांगितले होते तशी पाच मिनिटे घड्याळ लावून थांबवले, मग खिडकीपाशी नेऊन तिची जीभ नीट निरखली आणि माझ्याकडे वळून तीन बोटे दाखवली. मी ३ लिहिले. बेरीज १३ झाली. आई सर्दावलेली आहे एवढे मी कँटोनीत सांगितल्यावर सासूबाईंनी मान डोलावली, ते आपल्याला पहिल्या दिवसापासून दिसत होते म्हणाल्या, आणि फुगलेल्या जवासारखे दिसणारे यीमीचे दाणे रात्रीच्या सूपसाठी भिजत घालायला स्वयंपाकघरात गेल्या.